रविवारचा गोठा

पारोळा,
१९ नोव्हेंबर २०२४

जगदीश,

फोनवर तू दोन वाक्यांत आवरतोस, म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच कापता येत नाही.

काल मी स्वतः ह्यांना घेऊन धुळ्याला गेले. पहिल्या तपासणीला तू नेलं होतंस, कारण त्या दिवशी जाफराबादी म्हैस अडली होती आणि मला गोठा सोडता येत नव्हता. परत आल्यावर तू म्हणालास, "अक्का, फुफ्फुसात गाठ आहे, कॅन्सरची आहे, इलाज सुरू करू." एवढंच सांगितलंस. राहिलेलं काल डॉक्टरीण बाईंकडून कळलं.

शीतल नाव आहे त्यांचं. तरुण आहेत, चांगल्या बोलतात. ह्यांना पाहताच म्हणाल्या, "काय काका, विडी पूर्ण बंद ना आता?"

मी म्हणाले, "कोणाची विडी?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या, जसं एखाद्या लहान मुलाकडे बघून हसतात. "काकू, घरात सगळ्यात शेवटी बायकोलाच कळतं हे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बुटांकडे बघत बसले होते. "नाही" म्हणाले नाहीत.

चाळीस वर्षं मी या माणसाचे कपडे धुतले. खिशात तंबाखूचा कण सापडला नाही. तोंडाला कधी वास आला नाही. आणि विडी म्हणे तरुणपणापासून, दिवसाला एक बंडल. हे त्या बाईंना कोणी सांगितलं ते मी विचारलं. "तुमच्या भावांनी, काकांच्या समोरच."

म्हणजे तुला माहीत होतं. परक्या बाईला सांगितलंस आणि मला सांगितलं नाहीस. तुम्ही दोघे मिळून किती वर्षं मला हसत होतात, ते तरी सांग.

मी ह्यांच्याशी बोलणं बंद केलं आहे. ताट वाढते, गोळ्या देते, उठते. हे म्हणतात, "बस ना जराशी." माझ्याकडे बसायला वेळ नाही. गोठ्यात जाते.

तुझ्या ललितला सांग, पुढचे काही रविवार पाहुणे आणू नकोस. घरात आजारी माणूस आहे. मी त्याची आत्या, मी सांगितलं तर तो म्हणतो, "फुई, लोकांनी महिनाभर आधी पैसे भरून नावं दिली आहेत." या रविवारीही जळगावहून पाच गाड्या आल्या. तुझ्या सुनेने, भाविकाने, सगळ्यांना गव्हाणीसमोर चटयांवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. फाटकावर पाटी आहेच, 'गोठ्यातला श्वास, आयुष्याचा विश्वास'. आतल्या खोलीत हे खोकत होते. एका बाईने विचारलं, "कोण आजारी आहे का?" भाविका म्हणाली, "नाही नाही, ते म्हातारे आहेत."

मला उत्तर हवं आहे.

रोहिणी


पारोळा,
६ डिसेंबर २०२४

जगदीश,

तुझं उत्तर आलं नाही. आता नको. मला दुसरीकडून मिळालं.

गेल्या आठवड्यात चमेलीबाई गव्हाण साफ करत होती. वना गड्याची ही बायको तुझ्या ललितच्या जन्माआधीपासून आमच्या गोठ्यात शेण काढते. ह्यांना आख्खं गाव नाना म्हणतं, तीही म्हणते. मी तिला सरळ विचारलं, "नाना कुठे बसून विडी ओढायचे? खरं सांग."

ती झाडू टाकून हसायलाच लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली. "नाना विडी वढतस? मंग मी बी विमान उडाडस."

"वनाबरोबर ओढत असतील."

"वना एकला वढस, अक्का. नाना तर त्याले कडब्याजवळ उभा बी ऱ्हाऊ देत नही. म्हणतस, आग लावशी."

मी वनाकडून एक विडी मागून घेतली. त्याला वाटलं, माझं डोकं फिरलं. घरात गेले आणि ह्यांच्या हातात ती विडी दिली. म्हटलं, "पेटवू नका. नुसती ओठात धरून दाखवा."

ह्यांनी ती उलटी धरली. पेटवायचं टोक तोंडात घातलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "दिवसाला एक बंडल?" हे हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले, आणि मग खोकल्याने वाकले.

त्यांनी सगळं सांगितलं. तू त्यांना काय म्हणालास ते तुला आठवत नसेल तर मी लिहिते. तू म्हणालास, दाजी, डॉक्टर धंदा विचारणार. म्हशी म्हटलं, कडबाकुट्टी म्हटलं, बंद गोठ्यात रोज संध्याकाळी मच्छरांसाठी शेणीचा धूर करतो म्हटलं, की त्या खोलात शिरणार. चार लोकांत बोलणं होणार. मग ललितच्या रविवारला कुत्रंही येणार नाही आणि दूध जळगावात कोणी दारात घेणार नाही. विडी म्हटली की पुढे कोणी काही विचारत नाही. तुम्हाला काय फरक पडतो?

तुम्हाला काय फरक पडतो. हे शेवटचं वाक्य ह्यांनी दोनदा सांगितलं, तक्रार म्हणून नाही, जसंच्या तसं आठवावं म्हणून.

मी विचारलं, "आणि तुम्ही हो म्हणालात?"

"ललित आपला पोरगाच आहे की."

"मला का नाही सांगितलं?"

"तू गप्प बसली नसतीस."

बरोबर ओळखलं. मी गप्प बसले नसते. आम्हाला मूल नाही. ललित दुसरीपासून बारावीपर्यंत याच घरात राहून शिकला, म्हशींच्या पाठीवर बसून पाढे म्हणाला. त्याच्यावर ह्यांचा जीव आहे हे तुला पक्कं माहीत होतं. म्हणून तू विचारायला योग्य माणूस निवडलास आणि योग्य दिवस निवडलास, मी म्हशीपाशी अडकलेली असताना.

धुळ्याहून आल्यापासून विडी उलटी धरेपर्यंत जे दिवस गेले, त्यांत मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे "बस" म्हणत होते आणि मी उठत होते. ते दिवस तू घेतलेस. ते माझ्या हिशोबात नाहीत, तुझ्या आहेत.

एक विचारते. भीती फक्त ललितच्या पाहुण्यांची होती, की तू आखून दिलेल्या गोठ्याची? तीन बाजूंनी भिंत, वर पत्रा, कुट्टीचं मशीन आतच. बिबट्या येतो, चोर येतात, बंद गोठाच बरा, असं तूच म्हणाला होतास. गुरांचा डॉक्टर होतास, आम्ही ऐकलं. उन्हाच्या तिरिपेत तिथे धूळ अशी तरंगते की पलीकडची म्हैस धूसर दिसते. त्यात हे पहाटे आणि संध्याकाळी, जन्मभर.

रोहिणी


पारोळा,
२० जानेवारी २०२५

जगदीश,

परवा तू फोनवर जरा जास्त बोललास म्हणून बरं वाटलं. "अक्का, म्हशींमुळे कॅन्सर होतो असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय ते दाखव. आपल्या आबांना तर दम्यासाठी बकऱ्यांमध्ये झोपवायचे. जनावरांच्या श्वासाने छाती सुटते म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या लोक गुरांत राहिले."

आबांची गोष्ट तू रविवारच्या पाहुण्यांनाही सांगतोस, मी ओट्यावरून ऐकते. बकऱ्यांत झोपले इथपर्यंत सांगतोस. खोकत खोकत गेले, तिथपर्यंत येत नाहीस.

पुस्तकाचं म्हणशील तर बी.एस्सी. मी तुझ्या आधी झाले. पुरावा म्हणजे काय ते मला कळतं. म्हणून मी शीतल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गुरं पाळणाऱ्यांवर बाहेर अभ्यास झालेत. काहींत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसतो, काहींत दिसत नाही, एक-दोन ठिकाणी तर उलटंच दिसलं. कोंबड्यांच्या शेडचं वेगळं, म्हशींचं वेगळं, धुराचं आणखी वेगळं. "मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही," असं म्हणाल्या.

मला ते आवडलं. मग मी सांगितलं, "ह्यांनी विडी कधीच ओढलेली नाही."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "काकू, सगळ्या बायका असंच म्हणतात. काका स्वतः हो म्हणाले आहेत. तुमचे भाऊ म्हणाले आहेत, आणि ते डॉक्टर आहेत."

तू कोणाचा डॉक्टर आहेस ते मी बोलले नाही. तुझी लाज मी अजून राखते आहे, बघ.

ह्यांना म्हटलं, "आता तरी सांगा." हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शब्द दिलाय." किमोने केस गेले, चव गेली, शब्द तेवढा राहिला.

मला ह्यांच्यासाठी आता काही मिळवायचं नाही. इलाज तोच राहणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझी काळजी चमेलीबाईची आहे. दिवाळीपासून तिचा खोकला थांबलेला नाही. हसली की खोकते, आणि ती हसल्याशिवाय राहत नाही. खांद्याखाली दुखतं म्हणते, टोपली डाव्या हाताने उचलते. इथल्या एका डॉक्टरने विचारलं, "ओढतेस का?" ती नाही म्हणाली. "मग काही नाही, थंडीचं आहे," म्हणून त्याने औषधाची बाटली दिली.

याचा अर्थ तुझ्या लक्षात येतो का? एकाच गोठ्यात एकच धूळ खाल्लेली दोन माणसं. एकाला विडी लावली म्हणून कोणी गोठ्याबद्दल विचारलं नाही. दुसरी ओढत नाही म्हणून तिला काही होऊच शकत नाही. तुझ्या एका वाक्याने दोन्ही दारं लावली.

धुळ्याला ये. शीतल बाईंसमोर एवढंच म्हण, "मी खोटं बोललो, ते विडी ओढत नाहीत." म्हशींनी कॅन्सर दिला असं म्हणायला मी सांगत नाही. ते मलाही माहीत नाही. जे माहीत आहे तेवढं सांग. मग त्या चमेलीबाईकडे वेगळ्या नजरेने बघतील.

रविवारी येऊ नकोस. रविवारी इथे लोक श्वास घ्यायला येतात.

रोहिणी


पारोळा,
३ मार्च २०२५

जगदीश,

धुळ्याला यायला तुला वेळ मिळाला नाही. ह्यांच्या दहाव्याला मिळाला.

बोरी नदीच्या काठी तू माइक हातात घेतलास तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. माणूस गेला, शब्द सुटला, आता बोलायला हरकत काय. तू बोललास. "आमच्या दाजींसारखा देवमाणूस विडीने नेला. त्यांना खरी श्रद्धांजली द्यायची असेल तर ज्यांच्या खिशात विडी, तंबाखू, गुटखा असेल त्यांनी आत्ता इथे टाका आणि शपथ घ्या."

पोरं पुढे आली. पुड्यांचा ढीग झाला. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. सरपंच तोताराम आप्पांनी तुझी पाठ थोपटली. बायकांमध्ये माझ्या शेजारी झुंबरबाई बसली होती, ती हळूच म्हणाली, "गिरधरभाऊनी इतली विडी वढी आनि आपले पत्ताच नही, माय." मी तिच्याकडे पाहिलं. ती माझी शेजारीण आहे, रोज ताक न्यायला येते. तिनेही ते खरं धरलं.

मी उठले नाही. ललितने डोकं भादरलं होतं. मुलाच्या जागी तोच बसला होता आणि लहान मुलासारखा रडत होता. त्याच्यासमोर मला ते सांगता आलं नाही. तू बहुतेक यावरही भरवसा ठेवला होतास.

त्या ढिगात वनाने आपलं बंडल टाकलं. तुला ऐकून आनंद होईल, त्याने त्यानंतर खरंच विडी ओढलेली नाही. चांगलं झालं. मी ते नाकारत नाही. आता पुढचं ऐक.

चौदाव्यानंतर मी त्याला म्हटलं, "चमेलीबाईला धुळ्याला नेऊ. छातीचा फोटो काढू."

वना म्हणाला, "कसाले अक्का? भाऊसाहेबनी सांगं ना, बठ्ठा दोष विडीना. मी सोडी दिधी. आते घरमा धूरच नही, तर तिना खोकला आपोआप जाई."

"धूर गोठ्यातही आहे, वना. धूळ आहे."

"गोठामा लोके जळगावथून येतस, श्वास घेवाले. त्या काय येडा शेतस?"

तो चुकीचं बोलत नव्हता. तू जे सांगितलंस आणि फाटकावर जे लिहिलं आहे, ते दोन्ही त्याने खरं मानलं. तेवढ्यावर त्याचा हिशोब बरोबर येतो. चमेलीबाई मागे उभी होती, तिने डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. नवऱ्याने पहिल्यांदा तिच्यासाठी काही सोडलं होतं. ते तिला मोडायचं नव्हतं.

ती आता आणखी वाळली आहे.

रोहिणी


पारोळा,
२२ एप्रिल २०२५

जगदीश,

हे शेवटचं.

मी चमेलीबाईला वनाला न सांगता धुळ्याला नेलं. एसटीत तिला खिडकीजवळ बसवलं. ती सबंध रस्ताभर वनाची नक्कल करून दाखवत होती, विडी सोडल्यावर तो बोटं कशी चाळवतो ते. मुकटी येईपर्यंत मीही हसले.

उजव्या फुफ्फुसात गाठ आहे. तुकडा काढून तपासायला दिला, तेच निघालं. पण लहान आहे, एका जागी आहे, कापून काढता येईल असं शीतल बाई म्हणतात. आणखी दोन महिन्यांनी आलो असतो तर असं म्हणाल्या नसत्या.

तिथेही तेच झालं. "तुम्ही ओढता?" "नही." "नवरा?" "वढे. आते सोडी." शीतल बाईंनी मान हलवली. "मग त्याचाच धूर. बघा काकू, तुमच्याकडे काकांनी ओढली, इथे नवऱ्याने."

मी म्हटलं, "थांबा." आणि तुला फोन लावला. त्यांच्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि तुला सांगितलं की मी धुळ्याला आहे, डॉक्टर समोर आहेत, ऐकताहेत. मी तुला फसवलं नाही. तुला पुरता अवसर दिला.

तू जे बोललास ते शब्दशः लिहिते. "मॅडम, अक्का सध्या फार दुःखात आहे. माणूस गेलं की असं होतं. तिचं मनावर घेऊ नका."

शीतल बाईंनी फोन बंद करून माझ्यापुढे सरकवला. बाकावरून चमेलीबाई म्हणाली, "अक्का, मना नावपुढे बी विडी लिखी देवा दे. तुना भाऊ खूश व्हई जाई."

शीतल बाईंना अहिराणी येते, हे तेव्हा कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा चमेलीबाईला विचारलं, "तुम्ही काम काय करता, मावशी?" मग ती सांगत गेली. कुट्टी कुठे होते, धूर कधी करतात, शेण सुकल्यावर झाडताना तोंडाला काय बांधते. काहीच बांधत नाही. त्या ऐकत राहिल्या. शेवटी मला म्हणाल्या, "हिचं मी लिहिते. काकांचं मी तुमच्या सांगण्यावरून बदलू शकत नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनी येऊन सांगावं. एका गोठ्यातले दोन पेशंट असले तर मला वर कळवता येईल, आणि पुढे कोणी गोठेवाला आला तर हे प्रश्न पहिल्या दिवशी विचारता येतील. कारण ठरेल असं नाही. विचारलं तरी जाईल."

परत आल्यावर ललितला मी सगळं सांगितलं. विडी उलटी कशी धरली तेसुद्धा. तो दुधाच्या बाटल्या न घेताच गाडी काढून गेला. त्याने तुला काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, ते तुम्हा दोघांत. त्यानंतरच्या रविवारी गाड्या आल्या त्या मी फाटकातून परत पाठवल्या. एका गृहस्थांनी विचारलं, "आजी, काय झालं?" म्हटलं, "गोठा झाडायचा आहे."

पश्चिमेची भिंत पाडली. कुट्टीचं मशीन बाहेर चिंचेखाली नेलं. वनालाही सगळं सांगितलं, आता तो तोंडाला फडकं बांधून झाडतो. चमेलीबाईचं ऑपरेशन अक्षय्य तृतीयेनंतर, आपल्या आखाजीनंतर आहे, तिच्याबरोबर मी राहणार आहे. बिबट्या आला तर बघू.

आखाजीला तू दरवर्षी मला माहेरी न्यायला येतोस. या वर्षी मी येणार नाही, ह्यांना पाणी पोचावं म्हणून त्यांच्या नावाची पहिली घागर इथे भरायची आहे. भाविकाचा फोन आला होता, "पप्पाच तिकडे येणार आहेत, घागरीच्या पाया पडायला." मी हो-नाही काही म्हणाले नाही. तुला लिहिते आहे.

ये. जळगावहून सकाळी नीघ. एरंडोल ओलांडलंस की थोड्या वेळाने रस्त्यालगत माझं घर दिसेल. मी ओट्यावर असेन. तिथे थांबू नकोस. तसाच पुढे धुळ्याला जा. शीतल बाई सणाच्या दिवशीही दुपारपर्यंत असतात, मी विचारून ठेवलं आहे. त्यांना तुझ्या तोंडाने सांग आणि मग मागे फिर.

घागर तोवर रिकामी ठेवेन.

रोहिणी